संगीताचे शास्त्र आणि आपला कऱ्हा-नीरेकडील मुलूख
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक मेळाव्यात बारामती येथे केलेले भाषण)



संगीतशास्त्रातील संशोधन या विषयावर आम्ही चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा चिटणीसांनी केली तेव्हा आमच्या घरच्या मंडळींनाच प्रथम हसू आले. आमचे शिक्षण मॅट्रिकपुढे गेलेले नाही आणि आमचा गळा वर्गातील हजेरी घेण्यापलीकडे कधी कामास आला नाही. परंतु आज आम्ही गाण्याविषयी बोलणार नसून गाण्याच्या शास्त्राविषयी बोलणार आहोत, आणि या दोहोंत पुष्कळ अंतर आहे. आंबा गोड लागण्यास वनस्पतिशास्त्र लागत नाही. परंतु कलम कोणत्या झाडाचे करावे हे ठरविण्यास ते लागते. शिवाय आज सायंकाळी या सभेपुढे शिष्यवृत्तीच्या नियमांत दुरुस्ती करण्याचा एक ठराव यावयाचा आहे. त्याचा आणि आमच्या विषयाचा निकटचा संबंध आहे, हे आम्ही आरंभीच उघड करून ठेवतो, म्हणजे मागाहून कोणी आमच्यावर चोरवाटेने आल्याचा आरोप करणार नाही.

गवयांच्या कलेचे शास्त्र आपल्या महाराष्ट्रात कोणी रचले हे पाहू लागलो, तर मोठी मौज दिसते. ते काम प्रामुख्याने ज्यांचा चरितार्थ गाण्यावर चालत नव्हता अशा माणसांनी केले. पंडित विष्णु नारायण भातखंडे हे वकील. श्रुतींची मोजदाद करणारे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. 'घरंदाज गायकी' हा ग्रंथ १९६१ साली लिहिणारे वामनराव देशपांडे हे चार्टर्ड अकौंटंट. काव्यातील लयीचे शास्त्र बांधणारे माधवराव पटवर्धन, म्हणजे आपले कवी माधव ज्यूलियन, हे फारसीचे प्राध्यापक. दिवसा खतावणी तपासावी आणि रात्री घराण्यांचा हिशेब मांडावा, असा हा प्रकार. आपल्या ज्ञातीत कारकून, मास्तर, तलाठी आणि हिशेबनीस यांची वाण कधीच नव्हती; म्हणून हा विषय आपल्याला परका आहे असे समजण्याचे कारण नाही.

भातखंड्यांचा जन्म १८६० सालचा, मुंबईतील वाळकेश्वरचा. वकिलीची परीक्षा ते १८८७ साली उत्तीर्ण झाले; परंतु त्यांचे चित्त निराळ्याच दाव्यात गुंतले होते. दावा असा की, संस्कृत ग्रंथांत रागांची जी लक्षणे दिली आहेत आणि उस्ताद लोक प्रत्यक्ष जे गातात, त्यांचा एकमेकांशी मेळच बसत नाही. मग खरे कोणते मानावे? त्या काळच्या विद्वानांनी ग्रंथ खरा मानून गवयाला अडाणी ठरविले असते. गवयांनी ग्रंथाला पोथीतले वांगे म्हणून बाजूला सारले असते. भातखंड्यांनी खऱ्या वकिलाप्रमाणे दोन्ही पक्षांचा पुरावा गोळा करावयास घेतला. १९०४ साली ते दक्षिणेत गेले, एट्टयपुरम येथे सुब्बराम दीक्षितांना भेटले. व्यंकटमखीच्या 'चतुर्दंडिप्रकाशिका' या ग्रंथाची ओळख पटल्यावर बहात्तर मेळांची त्याची रचना त्यांनी मन लावून अभ्यासिली. पुढे उत्तर हिंदुस्थानात फिरून संस्थानांच्या दरबारांतील उस्तादांपाशी बसून त्यांनी चिजा टिपून घेतल्या. कोणी आनंदाने दिल्या, कोणी हातचे राखून दिल्या. या सर्व खटाटोपातून दीड हजारांहून अधिक चिजा स्वरलिपीत बांधल्या जाऊन 'क्रमिक पुस्तकमालिके'त छापल्या गेल्या. शास्त्राचा विचार त्यांनी 'हिंदुस्थानी संगीत पद्धति' या ग्रंथाच्या चार भागांत मांडला, तोही गुरुशिष्यसंवादाच्या रूपाने, आणि मराठीत. हिंदुस्थानी संगीतावरील आधुनिक काळातील हा सर्वांत मोठा ग्रंथ मूळ आपल्या भाषेत लिहिला गेला, ही गोष्ट आपल्या मुलांना शाळेत कोणी सांगत नाही.

आता त्यांच्या थाटपद्धतीचे गणित सांगतो. ते सातवीच्या मुलालाही कळण्याजोगे आहे. षड्ज आणि पंचम हे दोन स्वर अचल. राहिले पाच : रिषभ, गंधार, मध्यम, धैवत आणि निषाद. या प्रत्येकाची रूपे दोन. मध्यमाचे शुद्ध आणि तीव्र, इतर चौघांची शुद्ध आणि कोमल. प्रत्येक स्वराचे एकेकच रूप घेऊन सात स्वरांचे सप्तक बांधावयाचे म्हटले, तर दोनाला पाच वेळा गुणून बत्तीस सप्तके होतात. व्यंकटमखीने रिषभ-गंधारांच्या सहा जोड्या, धैवत-निषादांच्या सहा जोड्या आणि मध्यमाची दोन रूपे धरली, म्हणून त्याचे उत्तर बहात्तर आले. भातखंड्यांनी आपल्याकडील बत्तिसांपैकी दहाच सप्तके थाट म्हणून निवडली : बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी आणि तोडी. गवई प्रत्यक्षात जे राग गातात, त्यांतील बहुतेक या दहांत बसतात, एवढाच त्यांचा युक्तिवाद.

बहुतेक बसतात, सर्व बसत नाहीत. अहीर भैरव घ्या. त्यात रिषभ कोमल, धैवत शुद्ध आणि निषाद कोमल. हे सप्तक दहांपैकी एकातही नाही. ते उरलेल्या बाविसांतले आहे. आणि तरीही अंगावरून त्याला भैरवाच्या घरात बसविले जाते. ललतात दोन्ही मध्यम लागतात, त्याचीही अशीच अडचण. टीकाकारांनी यावरून भातखंड्यांना बोल लावला आणि तो अगदीच चुकीचा नव्हता. परंतु आमचे मत असे आहे की, कपाटाला दहा खण असून चार वस्तू खणात मावल्या नाहीत, म्हणून कपाटच फोडावयाचे नसते. त्यापूर्वी राग आणि रागिणी, त्यांचे पुत्र आणि स्नुषा, असा जो संसार ग्रंथांतून मांडलेला होता, त्यात कोणता राग कोणाचा जावई हे ठरविण्यास काही आधारच नव्हता. भातखंड्यांनी आधार दिला, म्हणूनच त्यांची चूकही दाखविता आली. ज्या विधानाची चूक दाखविता येते, ते शास्त्र होण्याच्या वाटेवर आहे असे समजावे. १९२६ साली लखनौला संगीताचे कॉलेज निघाले, तेही त्यांच्याच पुढाकाराने. १९३६ साली ते वारले.

श्रुतींची हकीकत थोडक्यात सांगतो, कारण ती सांगताना पुष्कळ विद्वानांचे तोल गेलेले आहेत. प्राचीन ग्रंथ म्हणतात, सप्तकात श्रुती बावीस. त्या नेमक्या कोठे, हे शोधण्याकरिता देवलांनी तारेची लांबी मोजण्याचा मार्ग धरला. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्यासारख्या सुरेल गवयाचा गळा त्यांना प्रमाण म्हणून लाभला आणि १९१० साली त्यांनी आपले निष्कर्ष इंग्रजीत प्रसिद्ध केले. क्लेमेंट्स नावाचे एक इंग्रज न्यायाधीश या कामात सामील झाले. त्यांचे पुस्तक १९१३ सालचे. श्रुतींची पेटीही तयार झाली. पुढे १९१६ साली बडोद्याला अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तीत या श्रुतींवरून वाद झाला.

हा वाद कशाचा, हे एका उदाहरणाने सांगतो. आपला षड्ज सेकंदाला २४० कंपनांचा धरा. तंबोरा उत्तम जुळला म्हणजे खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधार आपोआप ऐकू येतो. तो ५ : ४ या प्रमाणाचा, म्हणजे ३०० कंपनांचा. पंचमावर पंचम चढवीत जो गंधार काढावा तो ८१ : ६४ चा, म्हणजे ३०३.७५. आणि आपल्या घरोघरीच्या बाजाच्या पेटीत जो आहे, तो सुमारे ३०२.४. तिन्ही गंधारच; पण पेटीचा गंधार या दोघांतील कोणाशीच जुळत नाही. पेटीचे सूर गळ्याशी जुळत नाहीत, ही तक्रार अशी मोजून दाखविता येते. रेडिओने १९४० पासून सुमारे तीस वर्षे पेटीला दाराबाहेर ठेवले, त्यामागे अशा तक्रारींचाही वाटा होता. आमच्या मते ती शिक्षा अंमळ अधिकच झाली. भजनी मंडळींनी पेटी कधी सोडली नाही, आणि त्यांच्या भक्तीला त्यामुळे उणेपणा आला नाही.

परंतु पुढे काय झाले ते पाहा. १९६३ साली जयराजभाय आणि स्टोन या दोन अभ्यासकांनी यंत्राच्या साहाय्याने नामवंत कलावंतांचे स्वर मोजले. दिसले असे की, एकाच रागातील एकच स्वर निरनिराळे कलावंत निरनिराळ्या जागी लावतात. एकच कलावंतही दर वेळी केसाइतक्या अचूक जागी लावीत नाही. म्हणजे बावीस खुंट्या ठोकून त्यांवर गाणे टांगावे, असे प्रत्यक्षात गाणे चालत नाही. देवलांचे श्रम यामुळे फुकट गेले असे आम्ही मानीत नाही. त्यांनी मोजावयाचे धाडस केले नसते, तर पुढच्यांना काय तपासावयाचे हेच कळले नसते.

आता आम्ही आपल्या गावाकडे येतो, कारण खरा विषय येथेच आहे. या बारामतीत कऱ्हेच्या काठी मोरोपंत राहिले, आणि १७९४ साली येथेच त्यांनी देह ठेवला. पन्हाळ्याकडून आलेल्या या ब्राह्मणाला बाबूजी नाईकांनी आश्रय दिला आणि त्यांनी हजारो आर्या रचल्या, हे आपणांस पाठ आहे. त्यांच्या नावाने सभागृहे होतात, जयंत्या होतात. परंतु आर्या म्हणून दाखवा असे म्हटले, तर दहांतील नऊ जण ती गद्यासारखी वाचतात. कीर्तनकारांनी ती परंपरा राखली आहे खरी, पण त्यांचीही संख्या आता बोटांवर मोजण्याइतकी होत चालली आहे.

आम्ही इंदापूर तालुक्यातील शाळेत मराठी शिकवीत असू, तेव्हा मुलांना आर्येच्या मात्रा मोजावयास लावीत असू. लघु अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन. आर्येच्या पूर्वार्धात बारा आणि अठरा मिळून तीस, उत्तरार्धात बारा आणि पंधरा मिळून सत्तावीस, असे शास्त्र सांगते. मुलांनी पंतांची आर्या मोजली की उत्तरार्धातही तीसच मात्रा निघत आणि मुले विजयी मुद्रेने विचारीत, "गुरुजी, मोरोपंत चुकले का?" पंत चुकलेले नव्हते. दोन्ही अर्धे तीस-तीस मात्रांचे असले, म्हणजे त्या वृत्ताला गीति म्हणतात. आणि पंतांच्या म्हणून आपण ज्या आर्या म्हणतो, त्या बहुतांशी गीतिच आहेत. नाव एकीचे आणि रूप दुसरीचे. रूढीपुढे शास्त्राने मान तुकविली.

येथवर व्याकरण झाले. आता लय. या तीस मात्रा सरळ ओळीने नसतात, त्यांचे चार-चार मात्रांचे गण पडतात. असे सात गण झाले की अठ्ठावीस मात्रा होतात, आणि शेवटी एक गुरू अक्षर, म्हणजे दोन मात्रा. विषम गणात लघु-गुरु-लघु असा जगण येऊ द्यावयाचा नाही. सहाव्या गणात मात्र जगण तरी हवा, नाहीतर चारही लघू हवेत. असा निर्बंध कशाकरिता घातला असेल? आम्ही मुलांना टाळी देऊन आर्या म्हणावयास लावीत असू, तेव्हा ते आपोआप उमगे. चार मात्रांच्या प्रत्येक गणाच्या आरंभी टाळी पडते. जगणात मधले अक्षर जड असते, म्हणून ठेका टाळीवरून घसरून मध्यावर जातो. सहाव्या जागी तो मुद्दाम घसरू द्यावयाचा, म्हणजे ऐकणाराचे कान उभे राहतात आणि ओळ संपत आल्याची वर्दी मिळते. तबलजी सम येण्यापूर्वी जी आड घेतो, तिच्याच जातीची ही युक्ती आहे. शेवटच्या गुरूनंतर दोन मात्रांचा विसावा. अठ्ठावीस, दोन आणि हे मौनाचे दोन मिळून बत्तीस; म्हणजे आठ मात्रांच्या भजनी ठेक्याची बरोबर चार आवर्तने. न उच्चारलेल्या या दोन मात्रा मोजल्याखेरीज आर्येचा हिशेब जुळत नाही.

न बोललेली मात्राही मोजली पाहिजे, हा विचार मराठीत शास्त्रशुद्ध रीतीने मांडला तो माधव ज्यूलियन यांनी. त्यांची 'छंदोरचना' १९२७ साली निघाली आणि सुधारून वाढविलेली आवृत्ती १९३७ साली. अक्षरांचे गण मोजणारी ती वृत्ते, मात्रा मोजणाऱ्या त्या जाती, आणि केवळ अक्षरे मोजणारे ते छंद, अशी त्यांनी वाटणी केली. जातींत पुन्हा आवर्तन किती मात्रांचे, यावरून नावे दिली : पाचांची हरावर्तनी, सहांची भृंगावर्तनी, सातांची अग्न्यावर्तनी, आठांची पद्मावर्तनी. शंकराची तोंडे पाच, भुंग्याचे पाय सहा, अग्नीच्या जिभा सात आणि कमळाच्या पाकळ्या आठ. नावे लक्षात ठेवण्याची अशी सोय आमच्यासारख्या मास्तराला फार आवडते. या ग्रंथाबद्दल मुंबई विद्यापीठाने त्यांस डी. लिट्. ही पदवी दिली. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासाला असा मान पूर्वी मिळालेला नव्हता. १९३९ साली, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, ते वारले.

मोरोपंतांची आर्या विद्वानांची आणि अभंग सर्वांचा, असे समजले जाते. आपल्या भाग्याने दोन्ही आपल्या एकाच वाटेवर आहेत. तुकोबारायांची पालखी त्यांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ साली सुरू केली. दर आषाढी वारीस ती बारामतीहून सणसरकडे निघते, बेलवाडीला रिंगण होते, पुढे निमगाव केतकी, इंदापूर आणि सराटी करून नीरा ओलांडून अकलूजला जाते. आपल्यापैकी अनेकांच्या घरी वारकऱ्यांची पंगत बसते. पिठल्याचे पातेले किती मोठे होते, हे आपल्याला आठवते. त्यांनी कोणती चाल म्हटली, हे मात्र आठवत नाही.

मोठ्या अभंगात चार चरण. पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा. दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचे यमक जुळते. येथे लघु-गुरू पाहावयाचे नाहीत, अक्षरे तेवढी मोजावयाची. आम्ही निवृत्त झाल्यावर तीन वर्षे इंदापूरच्या मुक्कामी दिंड्यांबरोबर चालून टाळ मोजण्याचा उद्योग केला. एका अक्षराला एक मात्रा, अशा साध्या चालीत सहा अक्षरांचा चरण आठ मात्रांत बसतो. शेवटचे अक्षर लांबवून दोन मात्रा भरतात. चौथ्या चरणाची चार अक्षरे आणि चार मात्रांचा लांबलचक सूर. चार चरणांच्या एकूण मात्रा बत्तीस. आर्येच्या अर्ध्याच्याही बत्तीसच! पंडिताची आर्या आणि वारकऱ्याचा अभंग एकाच मापाच्या घोंगडीवर बसलेले पाहून आम्हास जो आनंद झाला, तो आम्ही येथे लपवू इच्छित नाही. सगळ्याच चाली अशा नाहीत, हेही सांगितले पाहिजे. काही दिंड्या तोच अभंग दुप्पट संथ म्हणतात, काही जण मध्ये नामाचा गजर घालून चरण तोडतात. एकच अभंग कोणत्या दिंडीत कोणत्या चालीने चालतो, याची टिपणे पालखीच्या एका मुक्कामी बसून काढली तरी एका विद्यार्थ्याला दोन वर्षे पुरेल एवढे काम आहे.

आणि तिसरी आपली बहीण ओवी, जात्यावरची. तिच्याविषयी बोलताना आमचा स्वर थोडा बदलला तर क्षमा करावी. अभंगाला वारकरी आहेत, आर्येला छापील पुस्तक आहे; ओवीला केवळ बायकांचे गळे होते. गावात विजेची गिरणी आली आणि जाते ओसरीवरून उठून परसात गेले. पहाटे उठून दळण्याचा जाच गेला, हे उत्तमच झाले. कोणा सुनेला पुन्हा जात्याला जुंपावे असे आमच्या स्वप्नातही येणार नाही. परंतु जात्याचा खुंटा फिरत असताना ओळीचे वजन जेथे हाताच्या जोराबरोबर पडे, ती लय जात्याखेरीज अन्यत्र कोठे लिहिलेली नव्हती.

पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ या दोघांनी १९८० नंतरच्या दशकात या ओव्यांचा शोध आरंभिला. पॉइटव्हाँ जन्माने फ्रेंच, पुढे पुण्याचेच झालेले. खेडोपाडी फिरून त्यांनी आणि त्यांच्या कार्यकर्त्यांनी हजारावर गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या उतरवून घेतल्या. पुढे बर्नार्ड बेल हे संगीताचे अभ्यासक त्यांना मिळाले आणि शब्दांबरोबर आवाजही ध्वनिमुद्रित झाले. पॉइटव्हाँ २००४ साली वारले आणि राईरकर २०१० साली. परंतु ते भांडार राहिले, आणि २०१७ पासून त्यातील ओव्या आवाजासह लोकांपुढे येऊ लागल्या. त्यात सर्व जातींच्या बायका आहेत. हे भाषण एका ज्ञातिसंस्थेच्या मेळाव्यात होत आहे म्हणून एवढे नमूद करतो की, जात्याला जात नव्हती. आपल्या आजीची ओवी शेजारच्या आळीत गेली आणि तिकडची आपल्याकडे आली, कोणी पावती मागितली नाही.

आता ठरावाकडे येतो. आपल्या शिष्यवृत्तीचा नियम असा आहे की, ती वैद्यकी, स्थापत्य, यंत्रशास्त्र, शेतकी, वाणिज्य आणि 'तत्सम उपयुक्त' शिक्षणाकरिता द्यावी. गेल्या वर्षी इंदापूर तालुक्यातील आपल्याच एका कुटुंबातील मुलीचा अर्ज आला. तिने गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा दिल्या आहेत, बी. ए. झाली आहे, आणि पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात एम. ए. करून पुढे आपल्या आजीच्या व आजीच्या बरोबरीच्या बायकांच्या ओव्यांच्या चालींवर संशोधन करावयाचा तिचा मानस आहे. तिचे वडील उसाच्या फडावर मुकादम आहेत. 'उपयुक्त' या शब्दावर बोट ठेवून समितीने अर्ज परत केला. आम्ही समितीवर होतो आणि आमचे भिन्न मत कार्यवृत्तात नोंदलेले आहे.

समितीतील आमचे मित्र वाईट मनाचे नव्हेत. त्यांचे म्हणणे आम्ही त्यांच्याच शब्दांत मांडतो. फंड लहान आहे. एक डॉक्टर झाला तर दहा घरांना आधार होतो. गाण्यावर पोट भरेल याची हमी कोण देणार? ती हमी आम्हीही देत नाही. संगीतात एम. ए. झालेली मुले शाळेत अर्ध्या पगाराच्या नोकऱ्या करताना आम्ही पाहिली आहेत. ज्याला ही वाट धरावयाची त्याने ते जाणूनच धरावी, आणि ही मुलगी ते जाणते, कारण आम्ही तिला समोर बसवून स्पष्ट सांगितले आहे. परंतु यंत्रशास्त्राची पदवी घेऊन घरी बसलेले तरुणही या मंडपात आहेत. त्यांची शिष्यवृत्ती अनुपयुक्त झाली असे कोणी म्हणत नाही.

मुलीने गाण्यात जाणे योग्य काय, असाही एक प्रश्न दबल्या आवाजात विचारला गेला. त्यास आम्ही एकच उदाहरण देतो. डॉ. प्रभा अत्रे या पुण्याच्या. आईवडील दोघेही शिक्षणक्षेत्रातले. त्यांनी विज्ञानाची आणि कायद्याची पदवी घेतली, किराणा घराण्याचे गाणे आत्मसात केले आणि सरगम या विषयावर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळविली. गवयाने तानेच्या जागी स्वरांची नावे का घ्यावीत, त्याने रागाचे काय साधते, हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या गळ्याने विचारला आणि लेखणीने सोडविला. पुढे त्यांनी एस.एन.डी.टी. विद्यापीठात संगीत विभागाचे प्रमुखपद भूषविले. २०२४ च्या जानेवारीत त्या वारल्या, तेव्हा सगळा महाराष्ट्र हळहळला. त्यांचे आईवडील शिष्यवृत्तीच्या समितीवर असते तर त्यांनी काय केले असते, याचा विचार समितीच्या सभासदांनी करावा.

घाई का, असेही कोणी म्हणेल. पुढच्या वर्षी पाहू, फंड वाढू द्या. फंड पुढच्या वर्षी वाढेल, परंतु ज्या बायकांच्या ओव्या टिपावयाच्या आहेत त्यांतील धाकटीचे वय अठ्ठ्याहत्तर आहे. गेल्या वर्षी अर्ज आला तेव्हा त्या सात होत्या. आज पाच आहेत. या दोघींच्या चाली आता कोणत्याही ग्रंथालयात मिळावयाच्या नाहीत.

ठराव मंजूर होवो वा न होवो, एक काम आपण आपल्या घरी करू शकतो आणि त्याला पैसा लागत नाही. आपल्या प्रत्येकाच्या खिशात बोलके यंत्र आहे. घरातील वृद्ध स्त्री पाळण्याची गाणी, भोंडल्याची गाणी, ओव्या, पदे, काहीही म्हणत असेल, तर ते तिच्या कलाने टिपून घ्यावे. तिला 'नीट म्हण' असे सांगू नये. ती जसे म्हणते तेच नीट. मध्येच पेटीचा सूर देऊन तिला ओढू नये, कारण तिचा गंधार पेटीतला नाही हे आपण आताच पाहिले. चाल कोणत्या रागाची याची घाई करू नये. भातखंड्यांनी आधी ऐकले आणि मग नाव दिले. गाणारीचे माहेर कोठले, गाणे कोणाकडून आले, कोणते काम करताना म्हणत असत, हे विचारून वहीत लिहावे. दिवस लिहावा. आणि तिची परवानगी घेतल्याखेरीज ते चारचौघांत वाजवू नये. एका आजीबाईंनी आम्हास ठणकावून सांगितले की, "सासूवरल्या ओव्या घ्या, पण माझ्या सुनेला ऐकवू नका!" त्यांचा शब्द आम्ही पाळलेला आहे.

अशा वह्या पुढील मेळाव्यास आणाव्यात. पुढील मेळावा इंदापूरला, पालखी गेल्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी आहे. स्मरणिकेची आठ पाने त्यांकरिता राखून ठेवण्याचे संपादकांनी मान्य केले आहे. ज्यांना स्वरलिपी येत नाही त्यांनी शब्द तेवढे द्यावेत. चाल उतरविण्याचे काम ती मुलगी करून देईल, असे तिने आम्हास कळविले आहे. तिचा अर्ज यंदा पुन्हा आला आहे.

ठरावाचे शब्द असे : 'शिष्यवृत्तीच्या नियमांतील "तत्सम उपयुक्त" हे शब्द गाळून त्यांच्या जागी "विद्यापीठमान्य कोणत्याही" हे शब्द घालावेत.' सूचक म्हणून आमची सही आहे. अनुमोदक मंडपात आहेत, त्यांनी हात वर करावा आणि अध्यक्षांनी ठराव मतास टाकावा, एवढी विनंती करून आम्ही खाली बसतो.